सेफ्टी पॉलिसीचं पहिलं पान मालकासाठी

प्रश्न : आमचा बेळगावात ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा आहे, सहा गाड्या, सगळ्या केए-२२. वडिलांनी उभा केला, आता मी बघतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कास्टिंग (ओतीव माल) कोल्हापूर, पुणे, बेंगळूरला जातं. एका मोठ्या पार्टीनं सांगितलंय की पुढच्या वर्षीचं काँट्रॅक्ट पाहिजे असेल तर लेखी सेफ्टी पॉलिसी द्या. मित्रानं नेटवरनं इंग्लिश पॉलिसी काढून दिली, चाळीस पानं, त्यात बर्फात गाडी कशी चालवायची ते पण आहे. नाव बदलून सही मारून दिली तर चालेल काय? आमचे ड्रायव्हर जुने आहेत, कोण वाचणार?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : देऊ नका. पार्टीच्या फायलीला ती लागेल, पण उद्या काही झालं आणि समोरच्या वकिलानं तोच कागद काढून विचारलं की यात दर महिन्याला ट्रेनिंग लिहिलंय, कधी घेतलं दाखवा, तर काय दाखवणार? जे पाळायचं नाही ते सही करून लिहून ठेवण्यात फार मोठा धोका आहे. तीन-चार पानं करा, स्वतः लिहा, आणि पहिलं पान ड्रायव्हरसाठी नको, मालकासाठी ठेवा. म्हणजे ऑफिस काय करणार नाही ते आधी.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण आपल्याकडे सेफ्टी म्हटलं की सगळी कलमं ड्रायव्हरच्या डोक्यावर, दारू पिऊ नये, स्पीड मारू नये, झोपू नये, आणि गाडी निघाल्यावर दर तासाला कुठं पोचलास म्हणून फोन कोण करतंय, तर ऑफिसच.

एक हिशोब घाला. बेळगाव-बेंगळूर साधारण ५०० किलोमीटर. भरलेल्या गाडीला टोल, चहा, जेवण धरून ताशी ४०-४५ पडतं, म्हणजे ११-१२ तास झाले. कायद्याचं माप दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. मग एकच ड्रायव्हर देऊन रात्री आठला भरलेली गाडी सकाळी सातला बेंगळूरात देतो असं तुम्ही पार्टीला कबूल केलं की पॉलिसी तिथंच मोडली, ड्रायव्हर अजून गाडीत चढलेला पण नाही. म्हणून पहिलं कलम असं लिहा की बेंगळूरच्या ट्रिपला दोन ड्रायव्हर, नाहीतर दावणगेरे-चित्रदुर्गच्या पट्ट्यात मुक्काम, आणि मुक्कामाचा भत्ता वेगळा. दुसरं, झोप येतीय म्हणून गाडी बाजूला लावली तर उशिराचे पैसे कापणार नाही. भाडं ठरवताना डिलिव्हरीची वेळ पण यातच बसवायची, पार्टीला सेफ्टी पाहिजे ना, मग हा जास्तीचा वेळ तिनंही मान्य करायला पाहिजे, तसं तोंडावर सांगा.

आता तवंदी घाट. तुमचं कोल्हापूर-पुण्याचं सगळं कास्टिंग संकेश्वरकडून निपाणीला उतरतं ते भरलेल्या गाडीतनं, म्हणजे उतार आणि वजन दोन्ही एकदम. तिथं ब्रेक लागला नाही म्हणून जे अपघात होतात त्यातले बरेच ब्रेक आधी चांगलेच असतात. उतारावर सारखा पाय दाबून धरला की ब्रेकचे लायनर आणि ड्रम तापतात, तापले की पकड जाते, आणि सारखं पंप मारलं की ज्या हवेवर ब्रेक चालतो ती टाकीतली हवा कंप्रेसर भरेपर्यंत संपत येते. त्यावर उपाय जुनाच आहे, घाट सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) असेल तर तो लावायचा, आणि न्यूट्रल कधीच नाही. पण न्यूट्रल का मारतात? डिझेल वाचवायला. तुमच्याकडं अॅव्हरेजवर इनाम असेल, बऱ्याच ठिकाणी असतं, तर तुम्ही स्वतःच न्यूट्रलला पैसे देताय. ते इनाम बंद करा, आणि पाहिजेच असेल तर वर्षभर विना-अपघात गाडीला द्या. रोज सकाळी एअर टँकचा कॉक उघडून पाणी सोडायचं आणि मीटरवर प्रेशर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे दोन मिनिटांचं काम आहे, पण कलमात लिहा. चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांत कधी गाडी जात असेल तर पावसाळ्यात अवजड वाहनांना बंदी आहे का ते निघायच्या आधी ऑफिसनं विचारायचं, ड्रायव्हरनं नाकाबंदीवर जाऊन नव्हे.

कास्टिंगची आणखी एक भानगड म्हणजे गाडी अर्धी रिकामी दिसते आणि वजन मात्र मर्यादेच्या वर गेलेलं असतं. त्यामुळं डोळ्यांनी अंदाज नको, प्रत्येक ट्रिपला वजनकाट्याची पावती. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत, शिवाय जादा माल उतरवून घेतात. माल केबिनच्या बाजूच्या फाळक्याला टेकवून, मध्ये लाकडं देऊन, चेननं आवळून भरायचा, मोकळा राहिला तर जोरात ब्रेक मारल्यावर तो पुढं सरकून केबिनमध्येच येतो. आणि एक ओळ ठळक लिहा, जादा वजन असेल तर ड्रायव्हर गाडी नाकारू शकतो आणि त्या दिवसाचा पगार त्याला मिळतो. ही ओळ लिहायला हात जड होत असेल तर बाकीची पॉलिसी लिहायचे कष्ट घेऊ नका.

लायसन, बॅज, फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी यांच्या तारखा एका वहीत, त्यावर जास्त काय सांगू. फक्त इन्शुरन्सच्या पॉलिसीत क्लीनर आणि हमाल धरलेत का ते एजंटाला विचारून लिहून घ्या. वाटेत पॅसेंजर घेणं सक्त बंद, मालगाडीत फुकट बसलेल्या माणसाचं काही झालं तर इन्शुरन्स कंपनी साधारणपणे हात वर करते आणि सगळं मालकावर येतं.

शेवटचं पान अपघाताचं, आणि ते केबिनमध्ये चिकटवा. ११२ पोलीस, १०८ अँब्युलन्स, १०३३ हायवे, तिन्ही नंबर कागलच्या अलीकडं-पलीकडं, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडं चालतात. जखमीला दवाखान्यात पोचवणं हे ड्रायव्हरचं कायद्यानं काम आहे (जमाव अंगावर आला तर गोष्ट वेगळी, तेव्हा सरळ पोलीस स्टेशन गाठायचं), मग पोलिसांना आणि इन्शुरन्सला कळवणं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळायची केंद्राची योजना आहे, हे ड्रायव्हरला माहीत पाहिजे, नाहीतर खर्चाच्या भीतीनं तो पळ काढतो.

कोण वाचणार म्हणता तर वाचून दाखवा. मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, तुमच्या ड्रायव्हरांत दोन्ही असणारच. अमावास्येला गाड्या धुऊन पूजा होते, बरेच जण त्या दिवशी अड्ड्यावर असतात, नारळ फोडून झाला की अर्धा तास तेवढ्यासाठीच ठेवा आणि महिन्यात कुठं थोडक्यात वाचलो ते त्यांना बोलू दे. बोलणाऱ्याला त्या दिवशी ओरडायचं नाही.

प्रश्न : माझे मिस्टर दुसऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. मालकानं इंग्लिश कागदावर सही मागितलीय, म्हणे सेफ्टीचा आहे. कुणी तरी वाचून सांगितलं की अपघात झाला तर सगळी जबाबदारी ड्रायव्हरची असं त्यात आहे. सही नाही केली तर काम जाईल काय अशी भीती वाटते.
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, आधी कागदाची झेरॉक्स मागून घ्या, आणि मराठीत समजावून सांगा म्हणा, त्यात मालकाला राग यायचं काही कारण नाही. कामावर असताना इजा झाली तर मिळणारी भरपाई मी सोडली असं कुठल्याही कागदावर लिहून घेतलं तरी ते चालत नाही, १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यापासून हे असंच आहे. म्हणजे सही झाली असली तरी हक्क जात नाही, घाबरू नका. पण चलन, मालाची तूट, गाडीचं नुकसान पगारातनं कापू अशी ओळ असेल तर तिच्यावर आधी बोला, कारण तुमच्या घरात त्रास त्या ओळीचा होणार आहे. मालक ऐकत नसेल तर बेळगावच्या कामगार खात्याच्या ऑफिसात तो कागद नेऊन दाखवा, आणि ट्रिपच्या तारखा, भत्त्याचे पैसे, गाडीचा नंबर आजपासून एका वहीत तुम्हीच लिहीत चला.