व्हॅक्यूमची ओढ कमी झालीय? मोटरच्या आधी हवेची वाट तपासा

गेल्या अंकात ड्रमवाल्या व्हॅक्यूमचा, म्हणजे सुकं-ओलं दोन्ही ओढणाऱ्या मशीनचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यावर भरपूर पत्रं आली. गॅरेजवाले, सुतार, सीट कव्हर शिवणारे, घरची गाडी स्वतः साफ करणारे, सगळेच आहेत. त्यातली निवडक घेतोय.

प्रश्न: सर, आमचं छोटं वॉशिंग सेंटर आहे. दीड वर्षापूर्वी १४०० वॉटचा ३० लिटरवाला व्हॅक्यूम घेतला. सुरुवातीला सीटच्या फटीतली वाळूसुद्धा खसाखस ओढायचा, आता मॅटवरची माती निघायला पण तीन-तीनदा फिरवावा लागतो. दुकानदार म्हणतो मोटर थकली, आता २००० वॉटचाच घ्या. घ्यावा का?
— एक वाचक, बारामती

उत्तर: इतक्यात नका घेऊ. असल्या मोटरी हळूहळू थकत वगैरे नाहीत, बिघडल्या की मोठ्या ठिणग्या, जळका वास नाहीतर बेअरिंगची घरघर यातलं काहीतरी दाखवतातच, तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही म्हणजे बहुतेक मोटर ठणठणीत आहे आणि हवेची वाट कुठेतरी अडलीय किंवा फुटलीय. दुसरं म्हणजे वॉट हा आकडा मशीन वीज किती खातं ते सांगतो, ओढतं किती ते नाही. ओढ बघायची तर दोन आकडे लागतात, एक जोर, जो किलोपास्कलमध्ये लिहितात, आणि दुसरा म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा जाते तो. खोक्यावर नुसते वॉट मोठ्या अक्षरात आणि हे दोन्ही गायब असतील तर तुलना होणारच नाही.

आता तपासायचं असं. पाइप ड्रमपासून काढा, मशीन चालू करा आणि ड्रमच्या तोंडावर तळवा ठेवा. तिथे हात घट्ट चिकटला आणि पाइपच्या टोकाला मात्र ओढ नाही, तर पाइप चोंदलाय नाहीतर फाटलाय. चोंदला असेल तर लोखंडी सळई घालू नका, आतून भोकं पडतात, त्यापेक्षा तुमच्या मशीनला ब्लोअरचं तोंड असेल तर पाइप उलटा तिथे लावून मोकळ्या जागेत फुंकून काढा, समोर कोणी उभं नको. ड्रमच्या तोंडावर पण ओढ कमी असेल तर ड्रम रिकामा करा, पुसून कोरडा करा, फिल्टर काढा आणि फक्त पाच-सात सेकंद चालवून बघा. ओढ परत आली की चोर सापडला, फिल्टर.

तरीही नाही आली तर वरचं झाकण आणि ड्रम यांच्यामधलं रबर बघायचं. एक अगरबत्ती पेटवा, मशीन चालू ठेवून झाकणाच्या कडेने, क्लिपांजवळून, पाइपच्या जोडावरून हळूहळू फिरवा, जिथे धूर अचानक आत खेचला जाईल तिथे गळती आहे. बऱ्याचदा रबरावर नुसती माती बसलेली असते, ओल्या फडक्याने पुसलं की काम होतं. पेट्रोल, थिनर जवळपास असेल तर मात्र ही अगरबत्ती पेटवायची नाही, मशीन बाहेर मोकळ्यावर आणा.

माझा संशय तुमच्या बाबतीत फिल्टरवरच आहे कारण वॉशिंग सेंटरला सर्रास एकच चूक होते, सुकी माती ओढून झाली की त्याच फिल्टरवर ओली मॅट ओढतात, मग घड्यांमध्ये चिखल बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. ओल्या कामाला फोमचा काळा फिल्टर वेगळा, सुक्याला घड्यांचा वेगळा. घड्यांचा फिल्टर धुता येतो असं त्यावर लिहिलं असेल तरच धुवा, पाण्याची साधी धार आतून बाहेर सोडा, ब्रश नको, प्रेशर वॉशर तर अजिबात नको, आणि सावलीत पूर्ण दिवस वाळू द्या. म्हणूनच एक जास्तीचा फिल्टर घेऊन ठेवायचा, एक वाळतोय तोवर दुसरा कामावर. सुक्या कामाला ड्रमच्या आत जाड न विणलेल्या कापडाची पिशवी लावली तर फिल्टरपर्यंत धूळ फार कमी पोचते आणि कचरा टाकताना नाकातोंडात पण जात नाही. २००० वॉटच्या मशीनचे पैसे बाजूला ठेवा, आधी फिल्टर, पिशव्या आणि एक चांगला पाइप एवढंच घ्या.

पुढे ओढ मोजत राहायची असेल तर गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब आणा, तीन मीटर तरी हवी. एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं टोक व्हॅक्यूमच्या पाइपला बूच मारून त्यातून हवाबंद बसवा, फोमचा फिल्टर लावून मशीन चालू करा आणि बादलीतल्या पाण्याच्या वर नळीत पाणी किती चढतं ते भिंतीवर खूण करून ठेवा. २० किलोपास्कल जोर म्हणजे साधारण २ मीटर पाणी. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच खुणेशी ताडून बघा, दुकानदाराला विचारायची गरज पडत नाही.

प्रश्न: नमस्कार. आमचं लाकडी खेळण्यांचं काम आहे, लेथ आणि पॉलिश पेपर दोन्हीची धूळ. व्हॅक्यूम घेतला पण दर अर्ध्या तासाला फिल्टर भरतो. व्हिडिओत बघून रंगाच्या रिकाम्या बादलीचा सायक्लोन बनवला तर बादलीच चेपली. आणि पाइपला हात लागला की चटका बसतो, तो वेगळाच.
— एक कारागीर, सावंतवाडी

उत्तर: दादा, तुमची कल्पना शंभर टक्के बरोबर आहे, फक्त बादली कच्ची निवडलीत. सायक्लोनमध्ये हवा कडेने, भिंतीला घासून आत शिरते आणि गोल फिरायला लागते, जड भुसा भिंतीवर आपटत खाली पडतो आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून व्हॅक्यूमकडे जाते. म्हणजे फिल्टरपर्यंत फक्त बारीक भुकटी पोचते, आणि अर्ध्या तासाची कटकट बरीच लांब जाते. पण पाइपचं तोंड जरा जरी अडलं तरी सगळा जोर बादलीवर येतो. हिशोब करून बघा, २० किलोपास्कलला एका चौरस फुटावर जवळजवळ १९० किलोचा भार होतो, पातळ बादली चेपणारच. जाड प्लॅस्टिकचा निळा ड्रम घ्या, लोखंडी रिंगने झाकण आवळता येतं तो, आणि आत आधी केमिकल होतं का ते विचारूनच घ्या. झाकणावर सायक्लोन बसवताना खालून प्लायची चकती द्या, सिलिकॉनने कडा बंद करा. ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करायचा, त्याच्या वर गेला की फिरणारी हवा पडलेला भुसा परत उचलते.

लेथची लांब सालं मात्र व्हॅक्यूमने ओढू नका, पाइप चोंदेल, ती झाडून गोळा करा. व्हॅक्यूम पॉलिश पेपरच्या वेळी लावा, तोंड खेळण्यापासून वीतभर अंतरावर पक्कं बसवा, कारण जरा लांब गेलं की ओढ एकदम कमी होते. पाइप शक्य तेवढा जाड आणि आखूड ठेवा, ३२ मिलीमीटरच्या जागी ६३ चा पाइप म्हणजे आतली जागा जवळपास चौपट. पुढेमागे रंधा मशीन घेतलंत तर त्याला हा व्हॅक्यूम पुरणार नाही, तिथे ४ इंची पाइपचा डस्ट कलेक्टरच लागतो.

तो चटका स्थिर विजेचा. कोरडी धूळ प्लॅस्टिकच्या पाइपला घासून जाते त्याने साठते. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती लेथच्या अर्थिंग केलेल्या बॉडीला जोडा, पण आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग खरोखर चालू आहे ना ते बघून घ्या. आणि एक कळकळीने सांगतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, नाकातल्या कॅन्सरशी तिचा थेट संबंध आहे. तुमच्याकडच्या चितारआळीत, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या आळीत, पिढ्यान्‌पिढ्या माणसं या धुळीत बसून काम करत आलीत. तुम्ही निदान हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा फिल्टर, आणि चांगला मास्क या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका, घरची पोरं त्याच खोलीत वावरत असतील तर मुळीच नाही.

प्रश्न: भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिकडचा ६.५ हॉर्सपॉवरचा शॉप व्हॅक्यूम आणू का म्हणतो. इकडे चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नको म्हणून सांगा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, सरळ लावलात तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर असल्या मशीनला २००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) लागेल, तो उचलायलाच जड. आणि त्या ६.५ वर जाऊ नका. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, तिकडच्या घरातलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॉट, म्हणजे २.४ हॉर्सपॉवरच्या वर ते मशीन सतत खाऊच शकत नाही. तो पीकचा आकडा असतो, क्षणभराचा. भावाला जाड पाइप आणि वेगवेगळी तोंडं आणायला सांगा, पण आधी आपल्या मशीनच्या तोंडाचं माप मिलीमीटरमध्ये घेऊन पाठवा.

प्रश्न: पावसाळ्यात गाडीत डाव्या सीटसमोरचं कार्पेट सारखं ओलं होतं, कुबट वास मारतो. व्हॅक्यूमने पाणी काढलं, शाम्पू मारून परत ओढलं तर मशीनच्या मागून फेस बाहेर आला. बिघडलं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: लगेच बंद केलं असेल तर बहुतेक वाचलं असेल, मशीनचं डोकं, म्हणजे मोटर असलेलं वरचं झाकण, उघडं ठेवून दोन दिवस वाळवा, तोवर चालवू नका. ड्रम भरला की आतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, वर जाऊन ओढ बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढतो, ती खूण आहे. पण फेस हलका, तो फ्लोटला उचलतच नाही आणि सरळ मोटरकडे जातो. शाम्पू अगदी थोडा घ्या, ड्रममध्ये आधीच फेस मारणारं औषध थोडं घाला, ते कार्पेट क्लीनिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं, आणि ड्रम अर्धा झाला की ओता.

पाणी येतंय कुठून ते पण बघा, नाहीतर दर आठवड्याला हेच. डाव्या बाजूला समोरच पाणी म्हटलं की पहिला संशय एसीच्या निचऱ्याच्या नळीवर, ती चोंदली की पाणी आत उतरतं. गाडीखाली तिचं टोक सापडलं तर तिथेच व्हॅक्यूम लावून ओढा, अनेकदा पानांचा आणि मातीचा गोळा बाहेर येतो. एसी बंद असताना पण, नुसत्या पावसाने ओलं होत असेल तर मग दाराची रबरं आणि काचेची कड. कार्पेट वरून कोरडं लागलं तरी खालचा फोम ओला राहतो, म्हणून ते उचलून खाली पंखा लावा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील ते एअरबॅगचे असतात, व्हॅक्यूमच्या तोंडाने त्यांना हिसका देऊ नका.

प्रश्न: बारा व्होल्टचा छोटा, लायटरच्या सॉकेटवरचा व्हॅक्यूम घेतला तर चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: बिस्किटाचा चुरा उचलायला चालेल. त्या सॉकेटला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२० वॉटच्या वर काहीच मिळत नाही, कार्पेटमध्ये रुतलेली वाळू त्याने निघणार नाही.

प्रश्न: माझं सीट कव्हरचं दुकान आहे. व्हॅक्यूमच्या जाळीतून आत ठिणग्या दिसतात आणि जरा जळका वास येतो. कारागीर म्हणतो असतंच तसं. वापरत राहू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, बारीक निळसर ठिणग्या असतात, तिथपर्यंत कारागीर बरोबर आहे. पण वास येतोय आणि ठिणग्या मोठ्या, पिवळ्या होऊन गोल फिरताना दिसत असतील तर बंद करा आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्या. बहुतेक कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या दोन कांड्या, संपले असतील, नव्याच्या एक तृतीयांशावर आले की बदलायचे, दोन्ही एकदम, एकच बदलू नका. जुना कार्बन बरोबर न्या म्हणजे मापाचा मिळेल, ठोकून-घासून बसवलेला नको. आर्मेचरच्या, म्हणजे त्या फिरत्या भागाच्या, तांब्यावर काळे पट्टे असतील तर तेही साफ करून घ्या, आणि नवे कार्बन बसले की पाइप न लावता थोडा वेळ नुसतं चालवा म्हणजे ते नीट घासून बसतात. उशीर केलात तर आर्मेचर जातं आणि मग मोटरच बदलायची वेळ येते.

तुमच्या दुकानात मला जास्त काळजी वाटते ती रेक्झिन चिकटवायच्या सोल्युशनची. त्याची वाफ पेट घेते आणि या मशीनमध्ये ठिणगी कायम असते. डबा उघडा असताना, चिकटवलेलं ओलं असताना व्हॅक्यूम लावूच नका, आणि सोल्युशन सांडलं तर फडक्याने पुसा, ओढू नका. वायर पण बघा, १४०० वॉटला ६ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि १.५ स्क्वेअर एमएमची एक्स्टेन्शन वापरा. एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली राहिली की तापते.

प्रश्न: फ्लॅटमध्ये टाइल्स आणि भिंत कापायचं काम चालू आहे, माझा गाडीचा व्हॅक्यूम मजुरांना दिला तर चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: आहे तसा देऊ नका. टाइल आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. साध्या फिल्टरमधून ती मागून परत खोलीत फेकली जाते, म्हणजे साफ दिसतं पण हवेत सगळी तीच. हेपा फिल्टर आणि आत पिशवी, दोन्ही असेल तरच द्या. कापताना ब्लेडवर पाणी सोडायला सांगा, मजुरांना एन९५ मास्क तुम्ही स्वतः आणून द्या, आणि ती पिशवी झटकून परत वापरू नका, तोंड बांधून टाकून द्या.