आधी हात शोध

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,

गेल्या रविवारी तू आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, आणि तू विचारलेल्या प्रश्नाला मी धड उत्तर दिलं नाही. निघताना, चपला घालता घालता तू म्हणालीस, ‘काका, हे सगळं नुसतं भरून द्यायचंच असतं का?’ मी ‘बघू’ म्हणालो. हा ‘बघू’ मी नोकरीत फार वेळा म्हटलाय. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तुझी अडचण मला कळली ती अशी. पुण्याच्या मोठ्या कंपनीला तुम्ही कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, पुरवता. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. तुमचं कास्टिंग त्यांच्या हिशेबात स्कोप ३ मध्ये, म्हणजे बाहेरून घेतलेल्या मालामागच्या प्रदूषणात येतं, म्हणून त्यांनी तुम्हाला प्रश्नावली पाठवली. मालकांनी ती तुझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ‘कायतरी भरून टाक, ऑर्डर अडायला नको.’ तू विजेची वर्षाची बिलं काढलीस, युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून गुणाकार केलास. पाण्याचा रकाना भरलास. टाकाऊ वाळूच्या रकान्याशी येऊन थांबलीस. आणि आता तुला वाटतंय की पुण्याला जाऊन एखादा डिप्लोमा करावा, म्हणजे हे काम नीट जमेल.

गुणाकार बरोबर आहे तुझा, त्यात डिप्लोमा काही भर घालणार नाही. पण त्या आकड्यामागचा हात तुला माहीत नाही. मी पस्तीस वर्षं फौंड्रीत काढली, मेल्टिंगपासून वर्क्स मॅनेजरपर्यंत, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं हे एवढंच आहे: प्रत्येक आकड्यामागं कुणाचा तरी हात असतो. आधी तो हात शोध. आकडा मग लिही.

भट्टीचं घे. विजेवर चालणाऱ्या चांगल्या इंडक्शन भट्टीला एक टन ओतीव लोखंड वितळवायला ५५० ते ६५० युनिट लागतात. आमच्याकडे त्यापेक्षा बरीच जास्त लागत. एकदा बाहेरून सल्लागार आले, तीन दिवस राहिले, जाडजूड अहवाल देऊन गेले. नवी भट्टी घ्या, असं त्यात लिहिलं होतं. मालकांनी तो कपाटात ठेवला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी रात्रपाळीला मी सहज भट्टीपाशी उभा होतो, तर पॅनेलच्या पत्र्यावर खडूनं ओळीनं आकडे मांडलेले दिसले. आमचा भट्टीवाला बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा, मराठी तोडकंमोडकं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, साचे तयार नसले की रस तापवून धरून बसावं लागतं, तेवढ्या वेळात मीटर किती पळतो ते लिहून ठेवतो. का लिहितोस? तर म्हणाला, ‘कोणी विचारलं तर असावं.’

कोणी विचारलं नव्हतं. सल्लागारांनी नाही, आणि तेवढी वर्षं शेजारून जाणाऱ्या मीही नाही.

आम्ही मोल्डिंग लाईन, म्हणजे साचे बनतात ती जागा, आणि भट्टी यांच्यात एक साधी घंटा बसवली. साचे तयार व्हायच्या बेतात असले की लाईनवाला घंटा देणार, तोवर भट्टीवाला शेवटचा चार्ज, म्हणजे वितळवायचा शेवटचा माल, टाकणार नाही. भट्टीचं झाकण उघडं ठेवायचं नाही, हेही त्यानंच सुचवलं, कारण वितळलेल्या धातूच्या उघड्या तोंडातून किती उष्णता जाते ते त्याच्या चेहऱ्याला रोज कळत होतं. टनामागची युनिट पहिल्याच महिन्यात उतरली. नवी भट्टी आली ती पुढं कितीतरी वर्षांनी.

मग मी भट्टीपाशी एक फळा लावला: कालची टनामागची युनिट, आजची युनिट. आपल्या भागात १९५६ पासून फलकाच्या भाषेवरून लोकांचं किती रक्त आटलंय ते तुला मी सांगायला नको, माझाही काही काळ त्यात गेलाय आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण त्या फळ्यावर मी मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिलं. कारण हात कन्नड होता. तुमच्याकडे आता ओडिशा-बिहारची पोरं आहेत, तर हिंदीही लिही. इंग्रजीत लिहिलेला फळा पाहुण्यांसाठी असतो.

तू म्हणशील, काका, ही झाली वीज बचत, मला विचारलंय सस्टेनेबिलिटीबद्दल. असं म्हणू नकोस, मला राग येतो. हा शब्द मोठा करून करून तुम्ही लोकांनी तो शॉपफ्लोअरवरून उचलून कॉन्फरन्स हॉलमध्ये नेऊन ठेवलाय. भट्टीत वाचलेलं युनिट आणि अहवालातलं युनिट एकच असतं.

यंत्रांना लागणाऱ्या दाबाच्या हवेचं बघ. ती तयार करणाऱ्या कंप्रेसरला दिलेल्या विजेतली जेमतेम १० टक्के कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तू ती, आणि सगळ्यात बेफिकीरपणे वापरली जाणारीही तीच. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद असताना नुसता कंप्रेसर चालू कर. कुणीच हवा वापरत नाही, तरी तो मधेमधे लोड घेईल, म्हणजे हवा भरायला लागेल. किती सेकंद लोडवर, किती सेकंद अनलोडवर, ते घड्याळ लावून लिही. लोडच्या वेळेला एकूण वेळेनं भाग दे. कंप्रेसरच्या ताकदीचा तेवढा भाग गळतीत जातोय. मग कान देऊन लाईनच्या कडेनं फीर, सूं सूं आवाज येईल तिथं खडूनं खूण कर. हे तुला कुठल्याही डिप्लोमाशिवाय येतं.

पण तिथंही थांबू नकोस, हात शोध. आमच्या फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, पोरं हवेचा पाईप अंगावर धरायची. सूचना लावल्या, दंड केला, काही फरक नाही. शेवटी मी स्वतः मे महिन्यात दुपारी तासभर तिथं ग्राइंडर घेऊन उभा राहिलो. उकाड्यानं जीव नकोसा झाला. दुसऱ्या आठवड्यात तिथं पंखे लावले आणि पाईप आपोआप खाली गेले. शिवाय हवेच्या झोतानं उडणारी सिलिकाची धूळ पोरांच्या नाकातोंडात जायची, ती कमी झाली. ही धूळ छातीत बसली की परत निघत नाही, ते दुखणं बरं होत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

खरेदीवाल्याकडेही जा. त्याची पाठ थोपटली जाते ती स्क्रॅपचा किलोचा दर पाडला की. म्हणून तो गंजलेलं, तेलकट, माती लागलेलं स्क्रॅप आणतो. ते भट्टीत गेलं की स्लॅग, म्हणजे वर येणारा मळ, जास्त, वीज जास्त, धूर जास्त. पण ती वीज त्याच्या खात्यात दिसत नाही, भट्टीवाल्याच्या खात्यात दिसते. कास्टिंग रिजेक्ट झालं की ते पुन्हा वितळायचं, म्हणजे तेवढ्याच मालाला दोनदा वीज. ती क्वालिटीच्या खात्यात. मी पाहिलेल्या कारखान्यांत वाया जाणाऱ्या गोष्टींचं मूळ बहुतेक इथंच होतं. काम एकाच्या हातात, आकडा दुसऱ्याच्या वहीत, आणि दोघांची गाठ पडते ती भांडणातच. त्यांना एका बाकावर बसवणं हे तुझं काम आहे. प्रश्नावली भरणं त्यानंतरचं.

आता वाळू. तू त्या रकान्याशी थांबलीस म्हणून मला तुझ्याबद्दल आशा वाटली, आणि म्हणूनच त्या दिवशी माझी जीभ जड झाली.

साच्याची वाळू आपण फिरवून फिरवून वापरतो, बेंटोनाइटची चिकणमाती आणि कोळशाची भुकटी घालून पुन्हा मळतो. पण प्रत्येक फेरीत थोडी बाहेर काढावीच लागते, आणि कोअरची, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या आतल्या साच्याची, रेझिनची वाळू तर जळून वास मारत निघते. आमच्याकडे रोज ट्रॅक्टर भरून ती जायची. गेटपासवर मी सही करायचो. ‘कुठे’ या जागी लिहिलेलं असायचं: भराव. एवढंच. अकरा वर्षं मी ‘भराव’ या शब्दावर सह्या केल्या.

एका पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला आणि नेहमीसारखं शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर तिकडचा एक म्हातारा शेतकरी मला भेटायला गेटवर आला. धोतराच्या सोग्यात बांधून काळी वाळू आणली होती. बासमतीच्या खाचरातली. मला म्हणाला, ‘साहेब, ही तुमची का बघा.’ आवाज चढवला नाही त्यानं. मी हातात घेतली. वासावरूनच कळलं.

ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, नाल्याकडेच्या खड्ड्यात टाकतोय की, पहिल्यापासून. तुम्ही कधी विचारला नाही.

पोरी, हे मला नीट सांगू दे. मला ठाऊक नव्हतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते शब्दशः खरंही होतं. पण मी विचारलं नव्हतं ते विसरून गेल्यामुळे नव्हे. विचारलं की कळलं असतं, आणि कळलं की सही करता आली नसती. तो हात मला रोज गेटवर दिसत होता आणि मी कागदाकडे बघत होतो. त्या म्हाताऱ्याच्या शेतातली वाळू आम्ही चार माणसं लावून काढून दिली, जमली तेवढी. सगळी निघाली नाही.

तू विचारशील, मग सोडली का नाहीत नोकरी? अनेकांनी विचारलंय. धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरच्या वेळीही विचारलं होतं. मालकांनी तो बसवला, पण ब्लोअरची वीज वाचवायला रात्री बंद ठेवायचा असं ठरलं. बंद करणारा हात वॉचमनचा आणि सांगणारं तोंड माझं. रजिस्टरमध्ये चोवीस तास चालू, अक्षरही माझंच. दोन वर्षांनी फेटलिंगमधला एक जण खोकत खोकत गावी गेला आणि मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन बसलो. फिल्टर रात्री चालणार नसेल तर रजिस्टर दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणालो. चार महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही. पण फिल्टर चालू झाला. फिल्टरचा दाब दाखवणाऱ्या मॅनोमीटरचं रीडिंग दर पाळीला फेटलिंगचाच माणूस घ्यायला लागला, कारण पिशवी फाटली की आधी त्याला खोकला येणार. मी सोडून गेलो असतो तर माझ्या जागी आलेल्यानं पहिल्याच दिवशी चोवीस तास लिहिलं असतं. मी असं मानतो. यात स्वतःची बाजू घेणं किती आणि खरं किती, हे आता या वयात वेगळं काढता येत नाही. पण राहिलो म्हणून फिल्टर चालला, हे मी कुणाहीपुढं सांगेन.

म्हणून पुण्याला जाण्याबद्दल तू जे बोललीस त्यावर माझं मन कडक आहे. जायचं तर जा. मात्र इथला रकाना अर्धा सोडून जाऊ नकोस. तिथं तुला उत्तम तक्ते मिळतील, आणि त्या तक्त्यांत भरायला आकडे आपल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांतून येतील, तुझ्याच जागी बसलेली दुसरी कोणी पोर ते भरत असेल. तिलाही ‘कायतरी भरून टाक’ असंच सांगितलेलं असेल.

मालकांशी बोलताना सस्टेनेबिलिटी हा शब्द काढू नकोस. विजेचं बिल आणि रिजेक्शनचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेव. गळणाऱ्या हवेचे महिन्याचे रुपये सांग. ते वाईट माणूस नाहीत, मी त्यांना ओळखतो. पगाराची तारीख आणि बँकेचा हप्ता यांच्यामध्ये जगणारा माणूस आहे तो. रुपये दिसले की ऐकतील, आणि दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा धुळीचंही ऐकतील.

आणि वाळूच्या रकान्यात आत्ता ‘मोजलेले नाही’ असं लिही. ऑर्डर जाईल म्हणून घाबरू नकोस. मोजलेलं नाही म्हटल्यावर ते पुढची तारीख मागतील, तारीख दे. ज्या आकड्यामागचा हात तुला ठाऊक नाही तो आकडा तुझ्या नावानं जाता कामा नये. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय, ठाऊक आहे. अकरा वर्षांच्या गेटपासांपुढं तीन वेळा काहीच नाही.

तुमच्याकडे वाळू नेणारा ट्रॅक्टर दुपारी साडेतीनच्या सुमारास मागच्या गेटला लागतो, मी परवा फिरायला गेलो होतो तेव्हा बघून ठेवलाय. तरुण पोरगा आहे. पहिल्या दिवशी वही काढू नकोस, चहा पाज, घरचं विचार. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून जा, कुठं जातो तिथपर्यंत. बूट घालून जा, त्या वाळूत खिळे असतात. जायच्या आदल्या दिवशी मला फोन कर, मीही येतो.

तुझा
काका