"त्यांच्यात असंच असतं" म्हणजे काय?

प्रश्न : ताई, आमचं गाव वाळवा तालुक्यात. शेताला लागूनच यंदा बीडकडची ऊसतोडीची टोळी उतरलीय. एका कोपीतली (झोपडीतली) दहा वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन असते. माझी लेकही दहाचीच, पाचवीत आहे, ती रोज विचारते की आई ती शाळेत का येत नाही. घरात सगळे म्हणतात त्यांच्यात असंच असतं. लेकीला काय सांगू?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ताई, "त्यांच्यात असंच असतं" हे मात्र लेकीला सांगू नका, कारण ते खरं नाहीये. त्या पोरीच्या आईबापांनी मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरतात आणि उचल फिटेपर्यंत दोघांनाही पहाटेपासून फडात उतरावंच लागतं, मग तान्हं बाळ कुणाकडे ठेवणार? बऱ्याच घरांत मुलगा शाळेसाठी गावी आजीपाशी राहतो आणि मुलगी सोबत येते, म्हणजे गरिबी दोघांनाही पण कडेवरचं ओझं तिलाच. पुढे जोडीचा कोयता व्हावा म्हणून १४-१५व्या वर्षी लग्नही उरकून टाकतात.

मी एकदा अशाच कोपीत बसले होते. नऊएक वर्षांची पोर भाकरी थापत होती, पाचटाचा धूर डोळ्यात जात होता, आणि बाळाच्या झोळीची दोरी तिने पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात पिठात नि पाय हलतोय. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हो. अमेरिकेत १९३८ साली कामगारांचा मोठा कायदा झाला, त्यात कारखान्यातल्या मुलांना संरक्षण मिळालं पण शेतीला सवलती ठेवल्या. तेव्हा दक्षिणेत शेतात राबणाऱ्यांत काळी माणसं खूप होती, आता तिथे मेक्सिकोकडची कुटुंबं जास्त दिसतात, आणि आजही १२ वर्षांचं मूल आईबापांच्या परवानगीने शाळेच्या वेळेबाहेर तिथे शेतमजुरी करू शकतं. इतक्या श्रीमंत देशात! तिथेही कुणीतरी म्हणतच असेल, त्यांच्यात असंच असतं.

लेकीला सरळ सांगा की तिला शाळा नको असं नाही, तिच्यावर बाळ सोपवलंय म्हणून ती येऊ शकत नाही. दहा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं.

आता काम. आधी अंगणवाडीताईंना भेटा, बाहेरून आलेल्या मुलांनाही अंगणवाडीत घेता येतं, आणि बाळ तिथे बसलं तरच त्याची बहीण शाळेत जाईल, हे उलट क्रमाने होत नाही. मग मुख्याध्यापकांकडे जा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं, दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं संपलं, यातल्या कशावरूनही प्रवेश नाकारता येत नाही. तिच्या आईशी मात्र तुम्ही स्वतः बोला, संध्याकाळी फडावरून आल्यावर, लेकीलाही सोबत घेऊन. टोळी मार्च-एप्रिलपर्यंत असते, तेव्हा या आठवड्यातच जा.