टाकीत लाट किती, धार किती?

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी लावली आहे. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी आहे. मशरूम, झोअँथिड हे मऊ कोरल आणि क्लाउनमाशांची जोडी ठेवायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, ताशी १०,००० लिटरचा एकच वेव्हमेकर (टाकीत लाट उठवणारा पंप) घ्या. घेऊ का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नका घेऊ. तुमच्या टाकीचं माप साधारण २५५ लिटरचं. वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा केली तर पाणी उरतं २०० लिटरच्या आसपास. दुकानदाराने ते पन्नासपट केलं आहे. हा हिशोब फांद्यांच्या कठीण कोरलचा. मशरूम आणि झोअँथिडना दहा ते वीस पट पुरे, म्हणजे ताशी २,००० ते ४,००० लिटर. त्यासाठी वेग कमी-जास्त करता येणारे, २,०००-२,५०० लिटरचे दोन डीसी वेव्हमेकर घ्या.

एक मोठा की दोन लहान, हे कळायला ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी उभं राहावं. मधल्या धारेत पाणी जोरात जातं आणि कडेच्या वळणात तोच केरकचरा गोल गोल फिरत बसतो. एकट्या पंपाने टाकीत हेच होतं. समोरची वाळू उडून काच उघडी पडते आणि दगडामागे घाण साचते. ती कुजली की नायट्रेट वाढतं, मग वाळूवर लाल बुळबुळीत थर धरतो.

दोन्ही पंप आखूड बाजूंच्या काचांवर, समोरासमोर लावा. एकाचं तोंड किंचित वर ठेवा, म्हणजे पृष्ठभाग सतत हलेल, तेलकट साय धरणार नाही आणि प्राणवायू मिसळेल. दुसरा मध्यावर, समोरच्या काचेकडे थोडा तिरका. दोघांना आळीपाळीने चालवा. पंपाच्या तोंडासमोर वीसेक सेंटीमीटरपर्यंत कोरल ठेवू नका. मग चिमूटभर खाद्य भिजवून सोडा आणि कण कुठे कुठे बसतात ते बघा. जिथे ढीग होतो तिथे पाणी पोचत नाही. पंप दोन बोटं सरकवून पुन्हा बघा. पहिल्याच दिवशी जमत नाही. झोअँथिड मिटून राहिले तर जोर जास्त, त्यांच्यावर धूळ साचली तर कमी.

पंपाचं चुंबक तुमच्या काचेच्या जाडीला चालणारं आहे ना, ते खोक्यावर बघूनच घ्या. कमी पडलं तर पंप रात्री निसटतो आणि वाळूत तोंड खुपसून बसतो.

सम्पमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप हे वेगळं काम. त्याला पाचपट, म्हणजे ताशी १,००० लिटर पुरतात. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढवताना, कोपरे-वळणं धरून, त्यातला निम्मा हाती लागला तरी पुष्कळ. मोजायला सोपं आहे. वरच्या नळीखाली १० लिटरची बादली धरा. ३६ सेकंदांत भरली तर ताशी १,००० लिटर.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाइट चार-चार तास जाते. घरच्या इन्व्हर्टरवर पंप लावला तर गुरगुरतो आणि तापतो. काय करावं? (वाचक, मालवण)

उत्तर : इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. एसी पंपाला तो मानवत नाही. साइन वेव्हचा लागतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे एक डीसी वेव्हमेकर थेट बॅटरीवर. २४ व्होल्टच्या पंपाला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडल्या की १६८ वॉट-तास होतात. बॅटरी टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे धरा. मंद वेगात १० वॉट खाणारा पंप तेवढ्यावर आठ तास चालतो. भरलेली जोडी २५ व्होल्टच्या वर असते, चार्जिंगवर आणखी चढते. तुमच्या पंपाचा कंट्रोलर ते सोसतो का, आधी तपासा.

लाइट नसताना रिटर्न पंप बंद राहिला तरी चालतं, वरच्या टाकीतलं पाणी हललं पाहिजे. मासे आधी गुदमरतात ते पृष्ठभाग निपचित पडल्यामुळे. तेवढा वेळ खाद्य घालू नका.

रिटर्न थांबला की नळीतून पाणी उलटं सम्पमध्ये येतं. नळीचं तोंड पाण्यात खोल असेल तर तिथपर्यंतचं सगळं येतं आणि फरशीवर जातं. म्हणून तोंड पातळीच्या जेमतेम खाली ठेवा आणि सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी सोडा. एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्यात क्षार आणि गोगलगायी अडकतात. लाइट मुद्दाम बंद करून एकदा बघाच.

प्रश्न : मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर जातं. पंपामुळे तापतं का? (वाचक, गुहागर)

उत्तर : थोडंफार, हो. बुडालेला पंप जितके वॉट खातो, त्यातली जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. ४० वॉटचा एसी पंप काढून १५ वॉटचा डीसी लावला तर फरक दिसतो. पण मूळ दोष हवेचा. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. मात्र किनाऱ्याच्या दमट हवेत तो घाटावरच्याइतका उपयोगी पडत नाही. २५ ते २७ अंश टिकवायचे असतील तर पाणी थंड करणारा चिलर घ्यावा लागेल. पंख्याने जितकं पाणी उडतं तितकं आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ उडत नाही, मागे राहतं.

प्रश्न : समुद्रातून पोवळ्याचा तुकडा आणून टाकीत ठेवला तर? (वाचक, देवगड)

उत्तर : मुळीच नको. रीफ बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. टाकीसाठी कोरडे किंवा सिरॅमिकचे दगड घ्या.

प्रश्न : पाच महिन्यांत वेव्हमेकर खडखडू लागला, जोरही कमी झाला. बदलावा का? (वाचक, दापोली)

उत्तर : आधी धुऊन बघा. चुन्याची पुटं धरली असणार. प्लग काढा. बादलीत दोन लिटर कोमट पाणी घेऊन १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, पंप त्यात बुडवून तासभर चालवा. फेस येईल, तो चुना विरघळतोय. मग पुन्हा प्लग काढा आणि जाळी, पंखा काढून जुन्या टूथब्रशने आतली खोबण घासा. आतला दांडा सिरॅमिकचा असतो, वाकवू नका. तो मोडला असेल किंवा टोकांचे रबर झिजले असतील तर खडखड तिथलीच. तेवढेच भाग बदलता येतात. रोटरचं (पंख्यासोबत फिरणाऱ्या भागाचं) चुंबक फुगलेलं, तडकलेलं किंवा गंजाचे डाग पडलेलं दिसलं तर मात्र ते पुन्हा पाण्यात घालू नका. त्यातले धातू पाण्यात उतरले की कोरलच्या जिवावर बेततं. शेवटी गोड्या पाण्याने धुऊन लावा.

प्लग परत लावताना वायर बोर्डच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं खारं पाणी जमिनीवर ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या.