कविकट्ट्यावरची पाच मिनिटे

प्रश्न : साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर पाच मिनिटे मिळाली आहेत. सात शेरांची (दोन-दोन ओळींच्या कडव्यांची) गझल घरी वेळेत बसते, बाहेर वाचली की लांबते. असे का?

उत्तर : घरी तुम्ही ओळ एकदाच म्हणता. मंचावर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणावी लागते, दाद आली की तिसऱ्यांदाही. त्यातच वेळ जातो. दोन शेर सरळ गाळा. मतला (पहिला शेर) आणि मक्ता (शेवटचा शेर) मात्र ठेवा. दुसरी ओळ आधी फोडू नका, काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, श्रोत्यांच्या ओठांवर यायला क्षणभर उसंत द्या. मुक्तछंदाला हे पुनरुच्चाराचे तंत्र लावू नये, फार केविलवाणे होते.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला की ‘फ’, ‘भ’ फुटतात. मोबाइलवरून वाचू नका, ऐनवेळी फोन येतो. जाड कागदावर, एकाच बाजूला, ठळक अक्षरांत छापा. श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारा. शेर दोन पानांत तोडू नका, नाहीतर पान उलटल्याची खसखस नेमकी काफियावर ऐकू येते.

आणि प्रास्ताविक? नाव सांगा, सुरू करा.