टॅरो आणि किमया रंगवायचीय? आधी चुना भिजवून बघ

तू विचारलंयस की, टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या पत्त्यांच्या 22 मुख्य पानांवर चित्रमालिका करतोयस, वर किमयेची, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येची, चिन्हंही हवीत. पण वेंगुर्ल्यात ज्यांना दाखवलीस ते म्हणतात, परदेशी पत्त्यांची नक्कल वाटते. मग कुठली चिन्हं ठेवू?

राग मानू नकोस, पण त्यांचं बरोबर आहे. टॅरोच्या एका पानावरचा उलटा टांगलेला माणूस तू माडाला टांगलास, त्याला पंचा नेसवलास. कपडे बदलले, चित्र तेच राहिलं. टॅरो 15 व्या शतकात उत्तर इटलीत निघाला तो डाव खेळायला. गूढविद्या त्याला 18 व्या शतकात चिकटली. तुझ्यासमोर आहेत ती पानं 1909 ची, पामेला कोलमन स्मिथच्या हातची. एका चित्रकर्तीने आपल्या नजरेने काढलेली चित्रं ती, पोथी नव्हे.

एकदा सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे आपले हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवताना बघून ये. दशावतारी जोडात अवतारागणिक एक असे 10 गट, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. राजाच्या पानावर अवतार, पण साध्या पानांवर नुसती खूण: मत्स्याचे मासे, परशुरामाचे परशू. खूण किती कमी रेषांत उभी राहते ते तिथे कळतं. आणि गोल पानाला उलटं-सुलटं नसतं. तुझा टांगलेला माणूस तिथे काय करेल?

किमयेचं मात्र वेगळं आहे. तिची चिन्हं भट्टीतून आली. काळा, पांढरा, पिवळा, लाल हा क्रम म्हणजे पदार्थ तापताना पालटणारे रंग. आपल्याकडे रसशास्त्रातही, म्हणजे पारा नि धातूंपासून औषधं करायच्या शास्त्रात, पारा-गंधक खलून काळी कज्जली होते आणि ती वाळूने भरलेल्या भांड्यात ठेवून तापवली की लाल रससिंदूर. गंमत अशी की युरोपात गंधक राजा नि पारा राणी, आपल्याकडे पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचं. हे कळल्यावर राजा-राणीचं लग्न तसंच्या तसं उचलवेल का तुला?

हे पारा-गंधक घरी तापवायचं नाही हं, वाफ जीव घेईल. हिंगूळ हा पारा-गंधकाचा लाल रंगही विषारी, शिवाय उजेडात काळवंडतो.

तुझ्या दारात चुना आहे. शिंपले भाजले की कळीचा चुना, पाणी घातलं की तो फणफणून फुटतो, आणि भिंतीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्याचा होतो. किमयेच्या चित्रांत आपलीच शेपूट गिळणारा साप असतो ना, तो हाच! कॅल्सिनेशन (पदार्थ भाजून भस्म करणं) हा किमयेतला शब्दही लॅटिनमधल्या चुन्यावरून आला. त्यावर लाल मातीची काव चढवून, ओली असतानाच खरवडून पांढरं उघडं करायचं, ही आपली कावी. दक्षिण कोकणात नि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून दिसते.

मी पहिल्यांदा शहाणपणा करून लालसाठी हळदीत चुना कालवला. पिवळ्याचं लाल झालं, मी खूश. उन्हाळाभर भिंतीवर राहिलं आणि फिकुटलं. गवंडीकाका म्हणाले, ''आधी चुनो वळख, रंग मागसून.'' काव लोहाची, ती चुन्यातही टिकते नि उन्हातही.

तेव्हा एक चित्र बाजूला ठेव आणि फूटभर फळीवर कावी करून बघ. डोळ्यांना चष्मा लाव, चुना पाण्यात थोडा थोडा सोड, चुन्यावर पाणी ओतू नकोस. भिजल्यावर मडक्यात महिना-दोन महिने मुरू दे, वर चार बोटं पाणी राहील इतकं.