जुनी ऐरण घ्यायची की नाही?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये डडलीजवळ राहतो, इथे एका जुन्या शेडमधली ऐरण विकायला आहे. बाजूवर पीटर राइट असं पुसट नाव दिसतं, खाली १ १ १४. मालक म्हणतो वजन ११४ पाउंड. घेऊ का?

उत्तर: अहो, तो आकडा तसा वाचायचाच नाही! जुन्या इंग्लिश ऐरणींवर पहिला आकडा ११२ पाउंडांचा, दुसरा २८ चा आणि तिसरा सुटे पाउंड, म्हणजे ११२ अधिक २८ अधिक १४, झाले १५४ पाउंड, साधारण ७० किलो. मालकाला हे लगेच सांगायची गरज नाही 😄

पीटर राइट म्हणजे जुने इंग्लिश ऐरण बनवणारे, त्यांची ऐरण म्हणजे खाली घडीव लोखंड आणि वर कडक पोलादाची पट्टी, त्यामुळे सगळी किंमत त्या पट्टीची. बेअरिंगची एक गोळी खिशात घेऊन जा, दहा इंचावरून नुसती सोडा, सात-आठ इंच उडाली तर उत्तम, कुठे तीन-चारच इंच उडाली तर तिथे पोलाद मऊ पडलंय किंवा पट्टी सुटलीय. मग हातोडीने हळू ठोकत सगळीकडे फिरा, मधेच आवाज बद्द आला तर सोडून द्या. आगीत सापडलेली असेल तरी नको, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेला असतो.

कडा थोड्या उडाल्यात तर चालतं हो. पण पृष्ठभाग मशीनवर घासून आरशासारखा केलेला असेल तर सावध, पट्टी किती उरलीय ते बाजूने बघा.